उरलेल्या अकरा ओव्या

चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला मंगळवारी, आणि मंगळवारपासून आकांक्षाला घराबाहेर पडणं जड झालं.

गल्लीला तोंड एकच. मागे गोदामाची भिंत, उजवीकडे नव्या टॉवरचे उभे पत्रे, डावीकडे मसाल्याची दुकानं पाठ फिरवून बसलेली. दूध आणायला जा, विद्यापीठात जा, नाही तर नुसतं मोकळ्या हवेला जा, जायचं ते त्या फ्लेक्सखालून. वर तिचाच चेहरा, ओळखपत्रावरून उचलून घागरीएवढा केलेला. ओळखपत्राच्या वेळी ती शिंक दाबून बसली होती, तीही तेवढीच मोठी झाली होती. ‘लालबागची लेक निघाली हैदराबादला! कु. आकांक्षा जयवंत मेस्त्री हिची लोकसाहित्य संशोधनवृत्तीसाठी निवड झाल्याबद्दल त्रिवार अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून मंडळाचे चौदा कार्यकर्ते, त्यातले नऊ गॉगल लावलेले.

“हितेंद्रदादा, निवड झालेली नाहीये अजून,” ती म्हणाली होती. “पडताळणी बाकी आहे. शनिवारी सर येणारेत.”

हितेंद्र मंडळाचा चिटणीस. शिडीवरून उतरता उतरता तो म्हणाला, “होणारच आहे ना? मग! लग्नाचा मांडव काय अक्षता पडल्यावर घालतात?”

“पण नाहीच झाली तर?”

“ए, असं अभद्र बोलू नको गं. तुझ्या बाजूला मी माझा फोटो लावलाय.”

तिचे बाबा, जयवंत, रोज ड्युटीवरून परतताना फ्लेक्सखाली मिनिटभर थांबायचे. हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून तीस वर्षं ट्रॉल्या ढकललेला माणूस. नुसते मान वर करून बघायचे, आणि घरात आल्यावर हात जरा जास्त वेळ धुवायचे.

आकांक्षाला हवं होतं एकच. ते एवढं साधं होतं की कुणाला सांगायचीही लाज वाटावी: आतून कडी लावता येईल असं एक दार. दहा बाय बाराच्या खोलीत बाबा, आई, धाकटा भाऊ गौतम, लक्ष्मीआत्या आणि ती. एम.ए.ची दोन वर्षं तिने गॅलरीत, मसाल्याचा रिकामा डबा पालथा घालून, त्यावर वही ठेवून काढली होती. येणारा-जाणारा वहीत डोकावून जायचा. हैदराबादच्या त्या संस्थेत एक वर्ष होतं, एक खोली होती, खिडकीपाशी टेबल होतं. माहितीपत्रकात त्या टेबलाचा फोटो होता. तिने तो इतक्यांदा पाहिला होता की खणाची मूठ कुठल्या बाजूला आहे हेही तिला पाठ होतं.

तिचं विद्यापीठ म्हणजे परळच्या एका बंद गिरणीच्या कचेरीचे दोन मजले. नवलोक विद्यापीठ. विद्यार्थी एकशे नव्वद, लिफ्ट एक, तीही शिक्षकांसाठी. जिन्याखाली झेरॉक्सच्या शेजारी एक टेबल होतं आणि त्यावर पाटी होती, ‘विद्यार्थी संधी कक्ष’. फळ्यावर गेल्या दिवाळीच्या सूचना अजून टाचण्यांना लटकलेल्या.

“आपल्याकडे संधी येत नाही,” सिद्धार्थ म्हणायचा. “पत्ता चुकलेली एखादी येते. तिला पाणी द्यायचं आणि पुढच्या चौकात सोडून यायचं.”

सिद्धार्थ तिच्याच वर्गातला, माटुंग्याचा. त्याने कॉलनीतल्या पोरांच्या खेळातली गाणी गोळा केली होती. या वृत्तीच्या यादीत पहिलं नाव आकांक्षाचं होतं, दुसरं त्याचं. जागा एकच.

तर अशी ती संधी. आणि ती उभी होती अकरा ओव्यांवर.

*

गोष्ट नोव्हेंबरातली. लोकसाहित्याच्या पेपरसाठी प्रत्येकाने चाळीस गाणी गोळा करायची होती. प्रत्येक गाण्यापुढे रकाना होता: सांगणार कोण, वय काय, राहणार कुठे. आकांक्षाला दूर जायची गरजच नव्हती. लक्ष्मीआत्या घरातच होती.

आत्या बाबांची मोठी बहीण. वय अडुसष्ट. नवरा लवकर गेला तेव्हापासून भावाकडे. दिवसभर दारात बसून दुकानांसाठी मिरच्यांचे देठ काढायची. शेजारच्या दुकानात मिरची कांडायचे डंख चालायचे. लोखंडी मुसळं एकामागून एक वर जायची, खाली यायची, धड-धड, धड-धड, आणि त्या ठेक्यावर आत्याच्या तोंडून ओवी यायची, कपाळावर घाम यावा तशी, तिच्या नकळत. गावाकडे जातं होतं, इथे डंख होता. ओवीला काय, फिरणारं काही असलं तर फिरेल, आदळणारं असलं तर आदळेल.

*खाडीच्या पल्याड, माझ्या बंधूचा दिवा दिसं*
*तरीवाल्या दादा, तुझी होडी का रे बसं*

अशा एकोणतीस ओव्या आत्याने सांगितल्या. मग थांबली.

“झाल्या?”

“हत अजून अकरा. त्या सांगूच्या नाय.”

“का?”

“गेल्याल्यांच्यो हत त्या. माणूस गेला की म्हणतत. उगाच म्हटल्यो तर...” तिने मिरचीचा देठ मोडला. “ज्याच्या नावाने मनात येतीत, त्याचा आयुष्य तुटता.”

“पण तुझ्या मनात कुणाचं नाव येणारे?”

आत्याने पुढची मिरची घेतली. आईने मात्र ओट्याकडून डोळ्यांनी खुणावलं: पुरे.

आकांक्षाला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. आत्याच्या पाठचा, बाबांच्या वरचा एक भाऊ होता, रघु. एकोणिसाव्या वर्षी घरातून गेला, तो गेलाच. मेला म्हणावं तर निरोप नाही, आहे म्हणावं तर पत्र नाही. चाळीस वर्षं त्या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं.

चाळीसपैकी एकोणतीस. वह्या शुक्रवारी पाचपर्यंत जमा करायच्या. शुक्रवारी दुपारी आकांक्षा झेरॉक्सपाशी बाकावर बसली, आणि तिने एक ओवी लिहिली. स्वतःची. मग दुसरी. आडाचा दोर सुटावा तसा हात सुटला. चार वाजेपर्यंत अकरा झाल्या. प्रत्येकीपुढे तिने लिहिलं, ‘सांगणार: लक्ष्मी परब, वय ६८, राहणार लालबाग’. तिने मनाची समजूत घातली: ओवी म्हणजे वाहतं पाणी. आपण एक ओंजळ सोडली तर नदीला काय कळणार?

नदीला कळलं नाही. धुरंधर मॅडमना कळलं, पण भलतंच.

लोकसाहित्य शिकवणाऱ्या मधुरा धुरंधर गिरगावातल्या जुन्या घराण्यातल्या. त्यांच्या साडीची निरी आणि बोलण्यातलं वाक्य, दोन्ही कधी विस्कटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी आकांक्षाला खोलीत बोलावलं आणि वही उघडून एका ओवीवर बोट ठेवलं.

*मिरची कांडीता गं, डोळां पाणी येतं बाई*
*मिरचीचं नाव घेते, दुज्या कुणाचं घेत नाही*

“आकांक्षा, तुला कळतंय का तुला काय मिळालंय? जात्यावरची ओवी डंखावर आली. गिरणगावातल्या बाईने तिला नवा विषय दिला. आणि काय दिला! रडायचंय, पण ज्याच्यासाठी रडायचं त्याचं नाव घ्यायची सोय नाही. म्हणून मिरचीवर घालते. ही विद्वानाला सुचत नाही गं. जगलेल्या बाईलाच सुचते.”

त्या वेळी बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या ओळीवर बोट ठेवून डोळे भरून बघत होतं, आणि ती गप्प बसली.

मग मॅडमनी त्या ओवीवर लेख लिहिला. लेख हैदराबादला गेला, लेखाबरोबर आकांक्षाचा अर्ज गेला. रेकॉर्डिंग मागितलं तेव्हा ती म्हणाली, मोबाइल बिघडला, सगळं गेलं. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू, दुसऱ्याला तिसऱ्याचा. आता एप्रिल उजाडला होता. हैदराबादचे डॉ. गंगाधर खुद्द येणार होते, सांगणाऱ्या बाईला भेटायला, तिच्याच दारात, तिच्याच तोंडून ऐकायला. ती त्यांची रीतच होती. बाईच्या तोंडून ओवी ऐकल्याशिवाय ते सही करत नसत.

*

शनिवारला चार दिवस उरले. आकांक्षापुढे दोन वाटा होत्या. आत्याला खरं सांगायचं आणि तिला खोटं बोलायला लावायचं. किंवा आत्याला खोटं सांगायचं, म्हणजे ती बिचारी खरंच बोलेल. दुसरी वाट तिला जास्त सभ्य वाटली.

मंगळवारी दुपारी ती आत्याशेजारी मिरच्यांच्या ढिगापाशी बसली.

“आत्या, ती मिरचीची ओवी आहे ना तुझी, ती शनिवारी सरांना म्हणून दाखव.”

“खयची गो?”

आकांक्षाने म्हटली. डंखाचा ठेका चालूच होता. ओवी त्यावर अशी बसली की जणू तिथेच जन्मली होती. आत्याचे हात थांबले.

“ही माझी नाय.”

“अगं तुझीच! नोव्हेंबरात सांगितलीस. हे बघ, वहीत आहे. तुझं नाव घालून.”

आत्याला वाचता यायचं नाही. तिने वहीतल्या त्या अक्षरांवरून तिखटाचं बोट फिरवलं. पानावर एक लाल रेघ उमटली.

“मी सांगलंय? माका आठवत नाय.”

“विसरली असशील. होतं असं.”

होतं असं. किती हलके शब्द. आत्याने ते घेतले आणि पदराच्या टोकाला गाठ मारावी तसे मनाशी बांधून ठेवले. आकांक्षाला ते तेव्हा कळलं नाही. बुधवारी कळायला लागलं.

बुधवारी सकाळी आत्या आईला विचारत होती, “गो वहिनी, मी काल चायेत साखर दोनदा घातलंय काय?”

“नाही हो अक्का.”

“नाय ना? बरा.”

दुपारी ती स्वतःशीच बोटांवर काही मोजत होती. आकांक्षाने कान दिला. आत्या गावच्या घरापासून खाडीपर्यंतची घरं मोजत होती, घरागणिक माणसांची नावं घेत. एका घरापाशी अडखळली. पुन्हा पहिल्यापासून लागली. पुन्हा तिथेच अडखळली.

“काय करतेस आत्या?”

“काय नाय. बघतंय, हत की गेली.”

“काय?”

“माणसा,” आत्या म्हणाली, आणि कपाळाला हात लावला. “डोक्यातली.”

आत्याची आई, म्हणजे आकांक्षाची आजी, शेवटची चार वर्षं कुणाला ओळखत नव्हती. पोटच्या पोरांना “तुम्ही खयचे?” म्हणून विचारायची, गोठ्यातल्या गायीला मात्र नावाने हाक मारायची. आत्याने ती चार वर्षं गावी राहून काढली होती. भुताला नाही, सापाला नाही, आत्या आयुष्यात भ्यायची ती त्या एकाच गोष्टीला.

आणि ती गोष्ट घरात आणून ठेवली होती भाचीने, वहीत घालून.

गुरुवारी ती धुरंधर मॅडमच्या दारापर्यंत गेली. आत संधी कक्षाचे शामराव बसले होते, विद्यापीठाच्या नव्या माहितीपत्रकाचा नमुना घेऊन. मुखपृष्ठावर आकांक्षा होती. “चार वर्षांत पहिली मुलगी बाहेर चाललीय आपली,” शामराव सांगत होते. “कुलगुरू म्हणाले, हाच फोटो घाला. पुढच्या वर्षी प्रवेश वाढतील.” मॅडमनी वर बघितलं, हसल्या. “ये ना! काय गं, घाबरलीस? गंगाधर सर भले माणूस आहेत. आत्यांना फक्त सांग, आहे तसं म्हणा.”

आहे तसं. आकांक्षा “हो मॅडम” म्हणाली आणि जिना उतरली. जिन्याखाली सिद्धार्थ भेटला.

“तुझा चेहरा फ्लेक्सवर बरा दिसतो,” तो म्हणाला. “इथे शोकसभेसारखा का?”

“सिद्ध्या, तुझी सगळी गाणी खरी आहेत?”

“म्हणजे? पोरांनी म्हटली, मी लिहिली. एका पोराने मला दोन शिव्या शिकवल्या, त्याही लिहिल्यात. का?”

“काही नाही.”

घरी जाताना फ्लेक्सखालून जावं लागलंच. दाबलेली शिंक घेऊन ती वरून स्वतःकडेच बघत होती.

शुक्रवारी संध्याकाळी आत्याने तिला जवळ बसवलं. आवाज अगदी खाली.

“गो बाय, ती ओवी मी कोणासाठी म्हटलंय ता माका गावला.”

“कोणासाठी?”

“तू शिकव. नीट शिकव माका. शब्द चुकूक नको.”

तिने शिकवली. आत्याने दहादा म्हटली, वीसदा म्हटली, दर वेळी डोळे मिटून, पाण्यात पडलेलं काही शोधावं तशी. आकांक्षाच्या ओळी आत्याच्या गळ्यात गेल्या आणि खरोखरच जुन्या झाल्या. ती ऐकत राहिली. आपण लिहिलेलं इतकं सुंदर कधी होतं, असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी तिला स्वतःचा राग आला.

*

शनिवारी दहा वाजता गंगाधर सर आले, बरोबर धुरंधर मॅडम. सर साठीचे, साध्या चपला, खांद्याला झोळी. हितेंद्रने गल्लीच्या तोंडाशी त्यांना गाठून नारळ दिलाच. सर फ्लेक्सकडे बघून म्हणाले, “आमच्या सहीआधीच?” हितेंद्र म्हणाला, “सर, तुम्ही सही करा, आम्ही तारीख मागे टाकू.” सर मोठ्याने हसले.

खोलीत खुर्ची मांडली होती, पण सर दारातच फरशीवर बसले, आत्यासमोर. बसल्या बसल्या एक मिरची उचलून देठ काढू लागले. त्यांना तो नीट जमेना.

“असो नाय,” आत्या म्हणाली. “पिरगळा. ओढू नकात.”

“असा?”

“हां. शिकशात.”

घर हसलं. बाबा रजा घेऊन दाराशी उभे होते. आईने चहा आणला. मॅडम खुर्चीच्या टोकावर बसल्या. सरांनी रेकॉर्डर सुरू करून मिरच्यांवरच ठेवला. आत्याने खाडीची म्हटली, आणखी चार म्हटल्या. सरांचे डोळे मिटले होते, मान डंखाच्या ठेक्यावर हलत होती. मग त्यांनी हळूच विचारलं, “आणि ती मिरचीची?”

आत्याने पदर सारखा केला. म्हटली. एक शब्द चुकला नाही.

आकांक्षाला वाटलं, झालं. सुटले. खिडकीपाशचं टेबल तिला स्पष्ट दिसलं, मूठ डावीकडे.

“मावशी,” सर म्हणाले, “रागावणार नसाल तर विचारतो. कुणाचं नाव घेत नाही, असं म्हणता. ते कुणाचं?”

आत्याने एकदा बाबांकडे बघितलं. मग समोर, मिरच्यांकडे.

“रघुचा,” ती म्हणाली.

बाबांनी दाराची चौकट धरली.

“माझो भाव. गेलो तो येवक नाय. त्याच्यासाठी म्हटली असणार मी. दुसरो कोण आसा माझो? पण काय सांगू सायबानू...” तिचा आवाज अजून सरळच होता. “म्हटली कधी, ताच माका आठवत नाय. चार दिस शोधतंय. सगळा आठवता, त्याचो सदरो आठवता, पायाचो व्रण आठवता. ही ओवीच तेवढी गेली. माझ्या आयेचा असाच सुरू झाला. आधी गाणी गेली, मग माणसा. आज रघुची ओवी गेली. उद्या रघु जातलो. मगे तो खय रवतलो? चाळीस वर्सा माझ्यातच तर रवलो.”

डंख चालू होते. धड-धड. धड-धड.

“तुझी नाही ती,” आकांक्षा म्हणाली.

कुणाला कळलं नाही कोण बोललं.

“आत्या, तू विसरली नाहीस. तू ती कधी म्हटलीच नाहीस. मी लिहिली. झेरॉक्सच्या बाकावर बसून लिहिली. तू एकोणतीस सांगितल्यास, मला चाळीस पाहिजे होत्या. अकरा माझ्या आहेत. तुझं डोकं ठीक आहे गं. माझं...”

आधी आत्या हलली. तिने दोन्ही तिखटाच्या हातांनी भाचीचा चेहरा धरला आणि अगदी जवळून बघितलं, खोटं तर नाही ना बोलत.

“म्हणजे मी इसारलंय नाय?”

“नाही.”

“देवाशपथ?”

“तुझी शपथ.”

आत्याने श्वास सोडला. केवढा लांब, मंगळवारपासून धरून ठेवलेला. आणि मग तिने त्याच हाताने आकांक्षाच्या कानाखाली वाजवली. जोरात नाही. पण तिखट डोळ्यांत गेलं, आणि आकांक्षा रडायला लागली, आणि मिरचीचं नाव घ्यायचीही सोय राहिली नाही.

सरांनी रेकॉर्डर उचलला, बंद केला.

“ओवी चांगली आहे,” ते म्हणाले. “स्वतःच्या नावाने आणली असतीस तर मी ती कविता म्हणून वाचली असती. पण आमचं काम सगळं त्या एका रकान्यावर चालतं, मुली. सांगणार कोण. तिथे खोटं असलं की पुढचं सगळं...” त्यांनी आत्यासमोर हात जोडले. “मावशी, तुमच्या एकोणतीस मात्र मला हव्यात. तुमच्या नावाने.”

“घेवा,” आत्या म्हणाली. “वजन करून घेवा.”

मॅडम उठल्या. त्यांच्या निरीला तिखट लागलं होतं आणि ते त्यांना दिसलं नव्हतं. दाराशी त्या थांबल्या. “माझा लेख छापून आलाय, आकांक्षा,” एवढंच म्हणाल्या. त्या वाक्यापुढे आणखी काहीतरी होतं, पण ते त्यांनी तसंच बरोबर नेलं.

बाबा मोरीत गेले आणि हात धूत राहिले.

*

सोमवारी सिद्धार्थचा फोन आला.

“मला पत्र आलंय. आकांक्षा, मी नाही म्हणू का?”

“वेडा आहेस? जा.”

“तुला वाईट वाटेल.”

“वाटेल. तू जा. आणि ऐक, खिडकीपाशचं टेबल घे. मूठ डावीकडे आहे, खण जरा अडकत असेल.”

“तुला काय माहीत?”

“माहितीये.”

विद्यापीठाने तिचा पेपर रद्द केला. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं, त्याच बाकावर, त्याच जिन्याने. माहितीपत्रकावर फोटो कुणाचा आला ते तिने बघितलं नाही. फ्लेक्स मात्र अजून तसाच होता. काढायचा तर हितेंद्रला चौदा जणांना कारण सांगावं लागलं असतं. गल्लीतली माणसं तिला बघून बोलणं बदलायची, आणि वरून ती स्वतःच स्वतःला निरोप देत राहायची.

आत्या चार दिवस तिच्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, ताट पुढे सरकवायची, पण शब्द नाही. पाचव्या दिवशी तिने शिडी मागून आणली. हितेंद्र “आत्या, अहो मी काढतो, तुम्ही पडाल” म्हणत मागे धावला.

“काढ तर. फाडू नको. चांगलो जाड हा.”

फ्लेक्स गुंडाळून तिने गच्चीवर नेला, आणि खाली हाक मारली. त्या आठवड्यातली पहिली हाक.

“गो आकांक्षा! मिरच्ये घेऊन वर ये.”

गच्चीवर चारी बाजूंनी टॉवर उभे. त्यांच्या मधोमध रुमालाएवढं ऊन. आत्याने फ्लेक्स त्या उन्हात अंथरला होता, तोंड वर करून. आकांक्षाने पोतं रिकामं केलं. गॉगलवाले नऊ झाकले गेले, त्रिवार अभिनंदन झाकलं गेलं. शेवटी उरला तिचा चेहरा. आत्याने दोन्ही हातांनी मिरच्या पसरल्या. शिंकही झाकली गेली.

दोघी कडेच्या सावलीत बसल्या. आत्या म्हणाली, “रघुचा नाव तुझ्या पायी भायेर पडला. जयवंत काल माझ्याशी त्याच्यावर बोललो. दोन तास बोललो.”

“चिडलीयस अजून?”

“हां.” तिने एक मिरची उलटी केली. “तुका त्या अकरा पायजे होत्या ना?”

आकांक्षाने मान वर केली. “त्या म्हणायच्या नसतात.”

“म्हणूच्या नसतत. शिकवूच्या असतत. मेल्यावर माझ्यासाठी कोण म्हणतला? माका माझ्या आयेन शिकवल्यो, तिची गाणी जाण्याआधी. शेवटची ओळ आधी सांगायची, पयली मागसून. म्हणजे शिकवली, पण म्हटली असा होत नाय. देवाक पण हिशोब लागत नाय.” तिने भाचीच्या हाताकडे बघितलं. हात सवयीने पेन शोधत होता. “लिहूचा नाय हां. एक अक्षर नाय. आणि मी आसय तवर तोंडातून काढूचा नाय.”

खाली डंख सुरू झाले. गच्ची पायाखाली थरथरायला लागली.

आत्या तिच्या कानाशी वाकली आणि तिने पहिल्या ओवीची शेवटची ओळ सांगितली. आकांक्षाने ती ऐकली. ती धुरंधर मॅडमच्या बोटाखाली कधी येणार नव्हती, कुठल्याही रकान्यात बसणार नव्हती, आणि ती इतकी चांगली होती की आपली मिरचीची ओवी तिच्यापुढे शाळकरी वाटावी. तिने ती मनात धरली. ओठ गच्च मिटून घेतले.

“धरलंस?” आत्याने विचारलं.

तिने मान हलवली.

“आता तिच्या वरची ऐक.”